बस्त्याव फादरचं राहिलेलं वाक्य

फार वर्षांपूर्वी म्हणावं, तर तितकी वर्षं झालेली नाहीत. कालपरवा म्हणावं, तर त्यांना पाहिलेलं माणूस आता शोधावं लागतं. तेव्हा मधलंच काहीतरी धरा आणि ऐका. पाय चिखलाचे आहेत तोवर पायरीवरच बसा, धुवायला मागाहून वेळ आहे.

आमचं पानवड गाव वसईच्या पट्ट्यातलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. दोन्हीकडे खारं पाणी आणि मधे हे गोड्या पाण्याचं बावखल. विहिरीपेक्षा मोठं, तळ्यापेक्षा लहान, उतरायला दगडी पायऱ्या. ह्याच्यावर रहाट चालायचे, केळी आणि पानवेली जगायच्या, बैल धुतले जायचे. लग्नघरच्या बाया वाजतगाजत येऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी इथूनच न्यायच्या. यापलीकडे ह्या पाण्याचं कौतुक कुणाला नव्हतं. गावचं पाणी आणि घरची सून, दोघांचं कौतुक बाहेरच्यांनीच करायचं, अशी आपली रीत.

अशा गावात बस्त्याव फादर आले. उंच, हडकुळे, पांढरा झगा धुऊन धुऊन घोट्याच्या वर आखडलेला. चर्चमधली पहाटेची मिस्सा झाली की ते बावखलाच्या कडेला जाऊन बसायचे. आधी प्रार्थना, मग लिहिणं. ते लिहायला लागले की रहाटाची करकर थांबायची, असं म्हणतात. पाणी तर चढत राहायचं, पण आवाज नाही. त्यांच्या दौतीतली शाई कधी आटली नाही, असंही म्हणतात. ह्यातलं किती खरं ते मला विचारू नका. मीठ घातलं असेल तर माझ्या आधीच्यांनी घातलंय, मी फक्त वाढते.

पण लिहायचे खरं. मुंबईच्या एका मासिकात त्यांचे लेख यायचे, तेही आपल्या साध्या मराठीत. देव म्हणजे कुणी लांबचा साहेब नाही, तो आपल्या वाडीतच राबतो, असं ते लिहायचे. लोक रविवारी मिस्सेनंतर झाडाखाली बसून एकमेकांना वाचून दाखवायचे. आपल्या केळीबद्दल, आपल्या बैलांबद्दल छापून येतंय, म्हणून माना ताठ व्हायच्या. फादरांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ते म्हणायचे, "देवाची वकिली खोटं बोलून करू नये. त्याला खोट्या साक्षीदाराची गरज नाही."

आणि त्यांच्याच हातून ते घडलं.

गावात आंजेल आजी होती. मोठी बोलकी बाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. फादरांनीच तिला मुंबईला नेलं, नन असलेल्या एका सिस्टर डॉक्टरने ऑपरेशन केलं. पट्ट्या निघाल्या, आजी गावी आली आणि दुसऱ्या सकाळी बावखलावर जाऊन तिने डोळ्यांना पाणी लावलं. म्हणाली, "फादर, पाण्यात केळीचं पान हलतंय. मना दिसतंय."

फादरांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्यावर लेख लिहिला. आजीच्या डोळ्यांपुढचा अंधार, नातवंडांची न दिसणारी तोंडं, मग ती सकाळ, ते पाणी, ते पान. लेख वाचताना बायांच्या डोळ्यांना धारा लागल्या. फक्त एक वाक्य त्यात नव्हतं. आजीचं ऑपरेशन झालं होतं, हे वाक्य. आधी लिहिलं होतं म्हणे, पण मोठ्याने वाचून पाहिलं तर तिथे चाल अडखळत होती. पट्ट्या, टाके, औषधाचा वास, सगळं त्या सकाळच्या आड येत होतं. म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. लेख सुंदर झाला. लिहिणाऱ्या माणसाला एवढा मोह होतोच, पण तो त्यांना फार महागात पडला.

मासिक गावोगाव गेलं आणि मागोमाग माणसं आली. आधी बैलगाड्यांतून, मग बसगाड्यांतून. आंधळे आले, लंगडे आले, अंगावर फोड आलेले आले. सगळ्या धर्मांचे आले, कारण दुखणं काही धर्म विचारून येत नाही. पायऱ्यांवर मेणबत्त्यांच्या मेणाचा थर साचला. लोक पाण्यात जखमा धुवायचे आणि तेच पाणी बाटलीत भरून प्यायला न्यायचे. पानवेली तुडवल्या गेल्या. रहाट बंद केले, कारण पवित्र पाणी केळीला कसं घालायचं? लग्नाचं पाणीसुद्धा बायांना आता परवानगी काढून न्यावं लागायचं. पाण्याला वास यायला लागला होता, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गावचा पुढारी होता कैतान. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गाव मोठं झालेलं बघायचं होतं. तो आता पांढरा सदरा घालून पायरीवर उभा राहायचा आणि आंजेल आजीला खुर्चीवर बसवायचा. लोक आजीचे डोळे बघायला रांग लावायचे. आजीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खुर्ची दिली होती. ती उठणार कशाला?

फादरांची झोप उडाली. एका रविवारी प्रवचनात ते सरळ म्हणाले, "मी चुकलो. आजीचं ऑपरेशन झालं होतं. मी ते लिहिलं नाही. हे पाणी चांगलं आहे, पण ते औषध नाही."

 मग बाहेर पडताना कैतान डोळे पुसत म्हणाला, "बघा, संत माणसं अशीच असतात. चमत्कार करतात आणि वर नाय म्हणतात." पुढच्या रविवारी दुप्पट गर्दी झाली.

फादर आजीकडे गेले. म्हणाले, "आजी, तुम्ही तरी सांगा."

आजी म्हणाली, "ऑपरेशन? त्या सिस्टरने नुसती पट्टी बांधली ओ फादर. डोळे बावखलाने दिले." आणि पुढच्या माणसाला डोळे दाखवायला वळली.

बघा, कशी गंमत असते. खोटं एका गाळलेल्या वाक्याने सुटलं होतं, आणि खरं आता शंभर वाक्यांनी आत येईना.

हे सगळं एक वेळ हसण्यावारी गेलं असतं. पण मे महिना आला, क्रुसाचा सण जवळ आला आणि इजूला ताप भरला.

इजू म्हणजे कार्मेलीनची एकुलती एक मुलगी. कार्मेलीन विधवा, दुसऱ्यांच्या वाडीत मजुरी करणारी. तिच्या नवऱ्याला, पेद्रूला, असाच ताप आला होता तेव्हा त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. गेला तो बसून, आला तो चादरीखाली. त्या दिवसापासून दवाखाना हा शब्द तिच्यापुढे कुणी काढायचा नाही, असा गावचा अलिखित कायदा होता. पोरीला ताप आल्याबरोबर ती तिला उचलून बावखलावर घेऊन आली. आंब्याखाली गोधडी टाकली आणि तिथेच राहिली. सकाळ-संध्याकाळ बावखलाचं पाणी पोरीच्या तोंडात घालायची, तेच कपाळावर लावायची. पोर आधी रडायची, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं.

फादर धावत आले. पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. म्हणाले, "कार्मेलीन, हा मुदतीचा ताप आहे, टायफॉइड. हिला आत्ता डॉक्टरकडे न्यायला हवं. मी येतो बरोबर."

ती हलली नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण लोकांकडून वाचून घेऊन घेऊन फादरांचा तो लेख तिला पाठ झाला होता. तिने तो पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. अंधार, नातवंडांची तोंडं, सकाळ, पाणी, पान. एक शब्द इकडचा तिकडे नाही. रोजच्या प्रार्थनेसारखा म्हणाली. फादर समोर उभे होते आणि त्यांचंच लिहिणं त्यांच्या अंगावर येत होतं.

"तुमीच लिवलंय ना, फादर?" ती म्हणाली.

"मीच लिहिलं. पण ते अर्धं होतं."

"मग अर्ध्यावर माझी पोर बरी होऊ द्या."

फादर तसेच मागे वळले. ते चर्चमध्ये गेले आणि वेदीपुढे पालथे पडून राहिले. त्या दिवशी क्रुसावरच्या येशूने मान फिरवली, असं म्हणतात. कुणी म्हणतं रागाने, कुणी म्हणतं दयेने. मला वाटतं, लाकूड होतं ते, फिरलं नसेल. पण फादरांना ते तसं दिसलं असेल, यात मला शंका नाही.

सणाचा दिवस उजाडला. पायरीला पाय लावायला जागा नव्हती. बँड आला होता, बावखलाच्या काठचा क्रूस फुलांनी झाकला होता. आंब्याखाली इजूचा श्वास घरघरत होता आणि बायका तिच्याभोवती बसून माळेवरची प्रार्थना म्हणत होत्या. आता फादर पाण्यावर आशीर्वाद देतील, मग ते पाणी पोरीला पाजायचं आणि पोर उठून बसेल, असं कैतानने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कार्मेलीन कळशी घेऊन तयार होती.

फादर आले. क्रुसापुढे गुडघे टेकले. मग उठून त्यांनी वहाणा काढल्या आणि एकेक पायरी उतरू लागले. लोकांना वाटलं, पाण्याजवळ जाऊन आशीर्वाद देणार. ते शेवटच्या पायरीवर थांबलेच नाहीत. झग्यासकट पाण्यात उतरले. उन्हाळ्याने पाणी खाली गेलं होतं, कमरेपर्यंत आलं. आणि मग त्यांनी पाय आपटायला सुरुवात केली.

भात मळावं तसे ते गाळ तुडवू लागले. बावखलाचा गाळ पूर्वी दर उन्हाळ्यात निघायचा, पण पाणी पवित्र झाल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तळातून बुडबुडे आले, वास उसळला, मेणाचे गोळे आणि घाणेरड्या पट्ट्या वर तरंगल्या. बघता बघता पाणी काळं झालं. बँड थांबला.

कैतान ओरडला, "फादर, गावाला देव भेटलाय आणि तुमी त्याला चिखलात घालताय?"

फादर म्हणाले, "देव इथे नाही, कैतान. देव त्या आंब्याखाली तापाने मरतोय."

मग कुणीतरी पहिला दगड मारला. नंतर बरेच आले. ते दगड हवेतच चाफ्याची फुलं झाले, असं म्हणतात, आणि दरवर्षी कुणीतरी शपथेवर सांगतं. पण फादरांच्या भुवईवर शेवटपर्यंत एक मोठा व्रण होता, तेव्हा निदान एक दगड तरी दगडच राहिला होता. कपाळातून रक्त येत होतं, ते हाताने पुसत ते तुडवत राहिले. त्यांना धरायला दोघं उतरले, तर गाळात गुडघ्यापर्यंत रुतले.

कार्मेलीन पायरीवर आली. हातातल्या कळशीकडे बघितलं, काळ्या पाण्याकडे बघितलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दगड मारणारेही थांबले. ती म्हणाली, "माझ्या पोरीचं पाणी नासवलंत. आता ती मेली तर तुमच्या वेदीवर आणून ठेवीन."

"आण," फादर म्हणाले. "मी तिथेच असेन. पण आधी डॉक्टरकडे ने. कार्मेलीन, मी हात जोडतो."

आणि त्या काळ्या पाण्यात उभं राहून त्यांनी खरोखरच हात जोडले.

कैतान संतापला होता. पण राग कधी कधी योग्य वाटेने धावतो. तो म्हणाला, "चल कार्मेलीन, माझी गाडी जुंपतो. पोर जगली तर जगली. नायतर ह्या माणसाला झग्यासकट खाडीपार घालवीन, सगळ्यांसमोर सांगून ठेवतो." त्याने स्वतः बैल जुंपले, पोरीला गोधडीसकट उचललं आणि गाडी धुरळा उडवत गेली.

मागे सगळे उभेच. जावं की थांबावं, कुणाला कळेना. फादर म्हणाले, "पोरीची बातमी येईपर्यंत मी वर येणार नाही." आणि नुसतं उभं तरी कसं राहायचं, म्हणून ते वाकून हातांनी गाळ उपसू लागले आणि पायरीवर टाकू लागले. कुणी मदतीला उतरलं नाही. बाहेरगावचे लोक शिव्या देत निघून गेले. गावचे तिथेच बसून राहिले. ऊन वर चढलं, मग कलू लागलं. फादरांचे ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होते की ते राहिलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, देव जाणे.

मग खुर्चीचा आवाज झाला. आंजेल आजी उठली. कुठूनतरी एक टोपली घेऊन ती पायऱ्या उतरली, खालच्या पायरीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं होतं ऑपरेशन. टाके घातले होते. त्या सिस्टरचे हात थंडगार होते, मना अजून आठवतात." आणि टोपली फादरांपुढे धरली. म्हणाली, "ह्यात टाका. पायऱ्या घाण होतात."

आजी टोपली भरून वर देऊ लागली, तेव्हा कुणीतरी ती घेतली. कुणीतरी दुसरी टोपली आणली. बाया ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यांचे कान गाडीवाटेकडे होते.

गाडी आली तेव्हा सूर्य टेकला होता. कैतान एकटाच होता. त्याला एकट्याला बघून बायांच्या हातातल्या टोपल्या खाली आल्या. तो गाडीतून उतरला, पायरीपर्यंत आला, आणि हा एवढा मोठा माणूस खालीच बसला. म्हणाला, "सुई दिली. डॉक्टर म्हणाला, अजून एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती. आता जगेल म्हणाला. आय तिथंच थांबलीय."

त्याच क्षणी फादरांच्या पायाखालून झरा फुटला, असं म्हणतात. गाळाखाली बुजलेली जुनी तोंडं उघडली आणि थंड, स्वच्छ पाणी उसळून आलं, इतकं की काळं पाणी फादरांच्या भोवती दुभंगलं. कैतान नंतर सांगायचा की झरा तो येण्याच्या आधीच फुटला होता, लोकांचं लक्ष नव्हतं. गाळ काढला की झरे मोकळे होणारच, त्यात काय! पण सकाळपर्यंत बावखल भरलं आणि तळाचा दगड दिसू लागला, एवढं मात्र कुणी नाकारत नाही. फादर स्वतः फार चिडायचे हे ऐकून. म्हणायचे, "चमत्काराला मारायला उतरलो होतो, तर तुम्ही दुसराच जन्माला घातलात."

पुढच्या महिन्याच्या मासिकात त्यांनी एकच वाक्य छापून आणलं. आंजेल आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, हे मी माझ्या लेखातून काढून टाकलं होतं. तो अंक कुणाच्या लक्षात नाही. पहिला मात्र अजून लोकांच्या घरी जपून ठेवलेला सापडतो.

फादर गेले, त्यालाही आता खूप वर्षं झाली. पण क्रुसाच्या सणाच्या आधी पानवडमध्ये आजही गाळ निघतो, त्याला 'फादरचा गाळ' म्हणतात. चर्चचे जे कुणी फादर असतील त्यांनी पांढरा झगा घालूनच पहिलं पाऊल चिखलात टाकायचं. नवीन आलेले जरा कचरतात, मग उतरतात. आणि कुणी बाटली घेऊन पाणी मागायला आलं, तर त्याला नाही म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, "डॉक्टरकडे जाऊन आलात?" नसेल गेला, तर त्याला गाडीत घालून आधी तिकडे न्यायचं. गेल्या वर्षी दोघांना नेलं.

तिसरी रीत ही, जी आता तुम्हाला पाळायची आहे. पानवडमध्ये कुणी गोष्ट सांगून संपवली की ऐकणाऱ्यांनी विचारायचं, "काय राहिलं?" आणि सांगणाऱ्याने जे गाळलं असेल ते सांगायचं, मग ते कितीही अडखळणारं असो. विचारा की.

हां. तर राहिलं ते असं.

ती इजू मी. ह्या सगळ्या वेळात मी आधी आंब्याखाली, मग दवाखान्यात होते, आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. म्हणून मलाही माझीच गोष्ट 'असं म्हणतात' म्हणूनच सांगावी लागते.

आणि अजून एक राहिलं. माझी आई फादरांशी पुन्हा कधी बोलली नाही. गाळाच्या दिवशी पहिली टोपली तिची असायची, पण मान वर करून तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. देवाघरी जाताना ती मला म्हणाली, की त्या दिवशी दवाखान्यात तिच्या ओच्यात एक बाटली होती. फादर पाण्यात उतरण्याच्या आधीच तिने भरून ठेवली होती. डॉक्टरची पाठ फिरली की ती मला चमचा चमचा ते पाणी पाजायची, मी बरी होईपर्यंत. माझी पोर सुईने उठली की पाण्याने, ते मना ठाऊक नाय, म्हणाली, पण दोन्ही दिलं होतं.

मी घाबरले. हे बाहेर पडलं तर फादरांनी खाल्लेले दगड फुकट जातील, असं मला वाटलं. फादर तेव्हा म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती. मी जाऊन त्यांना सांगितलं आणि म्हणाले, "हे मी कुणाला सांगणार नाही, फादर."

 ते भुवईवरच्या व्रणावर बोट फिरवत राहिले. मला वाटलं, रडताहेत. मग म्हणाले, "सांग, इजू. माझ्या बाजूचं नाही म्हणून गाळू नकोस."

म्हणून सांगितलं. मी सुईने उठले असं मला वाटतं, पण आईने पाणी दिलं होतं. चला, टोपल्या उचला आता, खाली अजून गाळ आहे.